न खोडता येणारी वही

आमच्या संस्थेच्या वास्तूत, तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी, खिळ्याला दोरीने अडकवलेली एक नोंदवही आहे. देखभालीचा करार ज्या कंपनीशी आहे तिचा माणूस दरमहा येतो, गच्चीवरच्या यंत्रखोलीत जाऊन पोलादी दोर, ब्रेक, दारांची कुलुपे आणि बॅटरी तपासतो, वहीत तारीख घालून सही करतो, आणि तिच्याखाली संस्थेचे कार्यवाह या नात्याने आमची सही होते, अशी पद्धत. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली. तिसऱ्या मजल्यावरील ग्रंथालयातून खाली येणाऱ्या एक ज्येष्ठ सभासद बाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या. वीज गेली असता लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे बॅटरीवरचे साधन आमच्याकडे बसवलेले आहे. ते चालले नाही. आतला दिवा लागला नाही, घंटाही वाजली नाही. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई चाळीस मिनिटे काळोखात भिंतीला धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही वही काढली. बारा महिन्यांच्या बारा ओळी. बाराही ओळींत 'बॅटरी ठीक'. अक्षर एका वळणाचे, शाई एकच, कल एकच. बारा ओळी एका बैठकीत लिहिलेल्या आहेत हे सांगण्यास हस्ताक्षरतज्ज्ञाची गरज नव्हती. प्रत्येक ओळीखालची आमची सहीदेखील त्याच बैठकीतली होती, हे तर सांगण्यास कोणाचीच गरज नव्हती.

घडले होते ते असे. कंपनीचे बिल आमच्याकडे पाच महिने पडून होते. कोषाध्यक्षांचा नियम असा, की वही पूर्ण भरलेली असल्याखेरीज बिल मंजूर करायचे नाही. पैसे मिळत नाहीत म्हणून माणूस येत नाही. माणूस येत नाही म्हणून वही भरत नाही. वही भरत नाही म्हणून पैसे निघत नाहीत. ही गाठ सोडवण्यासाठी तो एकदा बिल आणि पेन घेऊन आला. त्याने लिहिले, आम्ही सही केली, चहा घेतला आणि दोघेही आपापल्या कामाला लागलो.

आम्ही विचारपूस करायला गेलो, तेव्हा बाईंनी रागाचा एक शब्द काढला नाही. एवढेच विचारले, "तुम्ही कधी वर जाऊन पाहिलं होतंत का हो?"

कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा आमच्यातला एक तरुण सभासद, जो इमारतींच्या यंत्रणांचे आराखडे करणारा अभियंता आहे, म्हणाला, "काका, दोष माणसांचा नाही, वहीचा आहे. ही वही कोणालाही, केव्हाही, कशीही भरता येते. आता खोडता न येणारी वही निघाली आहे." त्याचा रोख ब्लॉकचेन या तंत्राकडे होता. आम्हांस हे नाव नाण्यांच्या सट्ट्याच्या बातम्यांतून माहीत, म्हणून प्रथम आम्ही हसलो. पण बाईंचा प्रश्न मनात रुतलेला असल्याने पुढील तीन महिने आम्ही या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले, आणि त्या मुलाशी बरेच वाद घातले. त्यातून आमच्यापुढे जो प्रश्न उरला तो यंत्राचा नसून नीतीचा आहे, म्हणून तो या अंकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न असा: खोटे लिहिणे अशक्य करणारी वही मिळाली, तर माणसावर विश्वास ठेवण्याची गरज संपते काय? आणि संपत असेल, तर ती संपावी काय?

आधी ही वही म्हणजे काय ते पाहू. आपल्या पूर्वजांच्या दप्तरांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ती अगदीच परकी वाटणार नाही. मोडीतला लांब कागद एका तावात मावत नसे, म्हणून कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत आणि जोडावर शिक्का उमटवीत. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला एखादा बंद काढून दुसरा घातला, तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळत नसत. पत्र संपले की मोर्तब करीत. त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये हा त्याचा हेतू. ब्लॉकचेनमध्ये हेच काम गणित करते. प्रत्येक पानावरील मजकुरापासून एक छोटा आकडा काढतात. मजकुरात एक काना बदलला तरी तो आकडा पार बदलतो. हा आकडा पुढच्या पानावर लिहिला जातो, त्या पानाचा आकडा त्यापुढच्या पानावर. मागचे एक पान बदलायचे तर पुढची सगळी बदलावी लागतात. शिवाय वहीची प्रत एकाच्या हाती न राहता अनेकांकडे एकाच वेळी असते, त्यामुळे एकट्याने केलेली लबाडी इतरांच्या प्रतींशी जुळत नाही.

ही कल्पना नाण्यांहून जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९९१ साली कागदपत्रांवर कालाचा न पुसणारा ठसा कसा उमटवावा याविषयी निबंध लिहिला. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने असे आकडे 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील जाहिरातीत दर आठवड्यास छापण्यास सुरुवात केली. घरोघरी गेलेल्या वर्तमानपत्राच्या सगळ्या प्रती कोण बदलणार? २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणी बिटकॉइनची मांडणी प्रसिद्ध केली आणि २००९ च्या जानेवारीत ती साखळी सुरू झाली. २०१५ मध्ये इथेरियम आले, आणि वहीत नुसत्या नोंदीच नव्हे तर करारही ठेवता येऊ लागले: अमुक घडले की तमुक रक्कम आपोआप द्यावी, असे. निक साबो या विचारवंताने १९९० च्या दशकात अशा करारांचे बीज नाणे टाकताच वस्तू देणाऱ्या यंत्रात पाहिले होते. त्या यंत्राला ना गिऱ्हाइकाची ओळख लागते, ना त्याच्यावर विश्वास.

आता या तंत्राचा इमारतींशी संबंध. इमारत भिंतींवर उभी राहते, पण चालते ती पोटातल्या यंत्रणांवर. वीज, पाणी, सांडपाणी, लिफ्ट, वातानुकूलन, आगीची सूचना देणारी आणि ती विझवणारी साधने, या सर्वांना मिळून इंग्रजीत बिल्डिंग सर्व्हिसेस म्हणतात. भिंत डोळ्यांना दिसते; या यंत्रणा छताच्या वर, जमिनीच्या खाली, बंद पेटीत असतात. त्या घेताना आणि सांभाळताना मालक, मुख्य ठेकेदार, उपठेकेदार, माल बनवणारा, तपासणारा आणि देखभाल करणारा अशी माणसांची लांब रांग लागते. या रांगेतला प्रत्येकजण आपापली वही ठेवतो आणि कोणाचीही वही दुसऱ्याशी जुळत नाही. जेथे परस्परांवर विश्वास नसलेले अनेक पक्ष एकाच कामात गुंतलेले असतात, तेथेच अशा सामाईक वहीचा उपयोग, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. आणि ते खोटे नाही.

तीन उपयोग तर आम्हांस निर्विवाद वाटले. पहिला निविदेतला. लखोटे उघडण्यापूर्वी कोणाचा दर कोणाला कळला, हा आपल्याकडील सनातन संशय. प्रत्येकाने आपल्या दरपत्रकाचा आकडा आधीच साखळीत नोंदवला, तर लखोटा फुटण्यापूर्वी दर कोणालाही कळत नाही आणि नंतर तो बदलता येत नाही.

दुसरा उपयोग पैशांतला, आणि तो अधिक महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये कॅरिलियन नावाची कंपनी इस्पितळे, शाळा, तुरुंग बांधीत असे आणि त्यांची देखभालही पाहत असे. २०१८ च्या जानेवारीत ती बुडाली. पुरवठादारांना पैसे देण्यासाठी तिने १२० दिवसांची मुदत लावून घेतली होती. संसदेच्या समित्यांच्या अहवालानुसार बुडताना तिच्याकडे सुमारे ३०,००० पुरवठादार, उपठेकेदार व इतर धनकोंचे सुमारे दोन अब्ज पौंड अडकले होते. वरच्याने खालच्याचे पैसे स्वतःचे म्हणून वापरायचे, हा या धंद्याचा जुना रोग आहे. आपल्या देशात लहान उद्योगांचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे असा २००६ चा कायदा आहे. तो किती पाळला जातो हे कोणत्याही लहान ठेकेदारास विचारावे. मालकाची रक्कम आधीच बाजूला ठेवून, काम पडताळले जाताच ती थेट काम करणाऱ्याच्या हाती पोचवणारा करार हा त्यावर खरा उतारा ठरू शकतो. पाच महिने बिल दाबून ठेवणाऱ्या आम्हांस हे लिहिताना संकोच वाटतो.

तिसरा उपयोग देखभालीच्या नोंदीचा. पंप कोणी बनवला, केव्हा बसवला, त्याचा कोणता भाग कोणी बदलला, ही माहिती इमारत हस्तांतरित होताना हमखास हरवते. ती एका अखंड वहीत राहिली तर वीस वर्षांनी येणाऱ्या मिस्त्रीला अंदाजाने भिंत फोडावी लागणार नाही. आणि तरुण अभियंत्याचा मुद्दाही येथेच येतो. प्रत्येक नोंदीवर तिच्या क्षणाचा ठसा असल्याने बारा महिन्यांच्या ओळी एका बैठकीत लिहिता आल्या नसत्या. आमची लबाडी पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. हे आम्हांस मान्य करावे लागले.

पण मग आम्ही त्याला विचारले: समजा तो माणूस दरमहा नेमक्या तारखेस आला, तळमजल्यावरच उभा राहिला आणि वर न जाता 'बॅटरी ठीक' असे नोंदवून गेला, तर तुझी वही काय करील? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ती ते खोटे जपून ठेवील."

सगळी मेख येथे आहे. वहीतला मजकूर बदलला गेला नाही याची ग्वाही साखळी देते. मजकूर खरा होता याची देत नाही. बाहेरच्या जगातली बातमी वहीच्या आत कोणीतरी आणावी लागते. या तंत्राच्या परिभाषेत अशा वार्ताहराला ओरॅकल म्हणतात. गोवा-कोकणाकडील वाचकांस या शब्दाने देवळातला कौल आठवेल. मूर्तीवरची कळी उजवीकडून पडली की डावीकडून, हे साऱ्या गावाने पाहिले तरी कळ्या लावणारा हात कोणाचा होता हा प्रश्न राहतोच. माणसाऐवजी यंत्र ठेवा, बॅटरीचा दाब आपोआप मोजून कळवणारे साधन बसवा, असे यावर उत्तर देतात. उत्तर चांगले आहे, आणि शक्य तेथे ते अमलातही आणावे. पण ते साधन बरोबर जागी बसवले आहे का, त्याची तार कोणी काढून तर ठेवली नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा कोणीतरी वर जावे लागते. विश्वास नाहीसा होत नाही. तो एका माणसावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतो.

ही केवळ तर्काची गंमत नाही. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीस १४ जून २०१७ रोजी पहाटेपूर्वी आग लागली आणि तीत ७२ माणसे मेली. चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात सुरू झालेली आग बाहेरून नव्याने लावलेल्या आवरणावरून वर धावली. आगीच्या वेळी लिफ्टचा ताबा अग्निशमन दलाकडे जावा यासाठी एक कळ असते. जवानांना ती चालवता आली नाही, असे चौकशीच्या २०१९ मधील पहिल्या अहवालात नमूद आहे. डेम ज्युडिथ हॅकिट यांनी २०१८ मध्ये शिफारस केली की, अशा प्रत्येक इमारतीच्या माहितीचे एक अखंड 'सुवर्णसूत्र' आराखड्यापासून वापरापर्यंत जपले जावे. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने ते बंधनकारकही केले. ब्लॉकचेनचे अनेक पुरस्कर्ते याच सुवर्णसूत्राकडे बोट दाखवून म्हणतात, की आमची साखळी ती हीच.

परंतु २०२४ च्या सप्टेंबरात चौकशीचा दुसरा अहवाल आला. आवरणाचा आणि आतील उष्णतारोधकाचा माल बनवणाऱ्यांनी चाचण्यांच्या बाबतीत पद्धतशीर अप्रामाणिकपणा केला, असा निष्कर्ष त्यात आहे. म्हणजे कागद मागाहून बदलले गेले हा तेथील मुख्य अपराध नव्हे. कागद जन्मतःच दिशाभूल करणारा होता, आणि मग तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर निष्ठेने पोचवला गेला. वास्तुविशारदाने ठेकेदारावर भिस्त ठेवली, ठेकेदाराने उपठेकेदारावर, आणि प्रत्येकाला वाटले की पाहणे हे दुसऱ्याचे काम. अशा व्यवहारात न खोडता येणारी वही असती, तर ते खोटे अधिक भारदस्त होऊन पोचले असते. खोडता येत नाही त्या मजकुराला आपण नकळत खरा मानू लागतो. छापील अक्षराविषयीचा आपला जुना भाबडेपणाच येथे नव्या वेषात येतो.

आमच्या तरुण मित्राने यावर जे उत्तर दिले ते विचारात घेण्याजोगे आहे. तो म्हणाला, खोटे कायमचे राहणार आणि त्याखाली आपले नाव राहणार, या जाणिवेनेच माणूस खोटे लिहायला धजणार नाही. भीती हीदेखील नीतीची पायरी आहे. आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. दानपत्रे मोडणाऱ्यास शाप देणारे गद्धेगाळ कोकणात आणि गोव्यात आजही शेताच्या बांधावर उभे दिसतात. दगडावर लिहिले, त्यावर सूर्यचंद्र कोरले आणि खाली निर्वाणीचा शाप कोरला; न पुसणारी नोंद आणि भय, दोन्ही एका शिळेवर.

पण भीतीचा दुसरा परिणामही असतो. चूक कायमची नोंदली जाणार असेल, तर माणूस खोटे लिहिणे जसे टाळील तसेच खरे लिहिणेही टाळील. 'बॅटरी मेली आहे, मागच्या महिन्यात पाहायची राहिली' हे वाक्य कोण लिहील? विमानवाहतुकीने हा धडा फार पूर्वी घेतला. अमेरिकेत १९७६ पासून 'नासा' ही संस्था एक व्यवस्था चालवते. तीत वैमानिक आणि इतर कर्मचारी आपली चूक स्वतः कळवतात. त्यांचे नाव गुप्त राखले जाते आणि काही अटींवर त्यांना दंडापासून संरक्षण मिळते. त्या कबुलीजबाबांतून इतरांचे प्राण वाचतात. म्हणजे खरे वदवून घ्यायचे असेल, तर खरे बोलण्याची जागा सुरक्षित असावी लागते. ती जागा कोणतेही गणित निर्माण करीत नाही. ती माणसांनी माणसांसाठी करावी लागते.

आणि न खोडण्याचा प्रश्न याहून खोल आहे. चांगला मुनीम चुकलेली नोंद खोडत नाही. तो उलट नोंद करतो. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. म्हणून साखळीत खोडता येत नाही एवढ्यावरून तिला निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. खरा प्रश्न असा, की उलट नोंद करण्याचा अधिकार कोणाचा? इथेरियमच्याच साखळीवर २०१६ मध्ये 'द डाओ' नावाचा एक सामाईक निधी उभा राहिला होता. त्याचे सगळे व्यवहार करारात लिहिलेल्या नियमांनी आपोआप चालायचे होते. मधे माणूस नकोच, हीच त्याची प्रतिज्ञा होती. जूनमध्ये कोणीतरी त्या नियमांतलीच एक फट शोधून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले. आता आली पंचाईत. नियम म्हणतो ते योग्य मानावे, तर चोरी योग्य ठरते. चोरी रद्द करावी, तर न बदलणारी वही बदलावी लागते. चर्चा झाली, मते घेतली गेली, आणि २० जुलै २०१६ रोजी बहुसंख्यांनी त्या क्षणापासून वहीच वेगळी लिहायला घेतली, ज्यात ती चोरी फळाला येणार नव्हती. ज्यांना हे पटले नाही ते जुनीच वही पुढे चालवीत राहिले. ती इथेरियम क्लासिक या नावाने आजही आहे. माणसाला वगळून बांधलेल्या व्यवस्थेत न्यायाचा प्रसंग येताच माणसांनाच एकत्र बसून ठरवावे लागले, आणि ठरवताना त्यांच्यात फूटही पडली.

येथे आम्हांस तुकोबांची आठवण होते. घरच्या सावकारीची खते भावाबरोबर वाटून घेऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. हिशेबाच्या दृष्टीने हा केवढा अपराध! पण ज्या समाजाने ही कथा चारशे वर्षे जपली, त्याला वहीचे मोल ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही बडोदेकर मराठी मंडळी तर दिवाळीत शेजारच्या पेढीवरचे चोपडापूजन पाहत वाढलो. वहीला हळदकुंकू वाहणारे हातच ती बुडवणाऱ्यालाही नमस्कार करतात. नोंद खरी असावी आणि नोंदीवर शेवटचा अधिकार माणसाच्या दयेचा असावा, ही दोन्ही मूल्ये आपण एका घरात नांदवली आहेत. आपोआप चालणाऱ्या करारात पहिल्याला जागा आहे. दुसऱ्यासाठी दार ठेवावे लागेल, आणि ते कोणी उघडावे हे आधीच ठरवावे लागेल. ज्या उपठेकेदाराच्या घरी मृत्यू झाल्यामुळे काम चार दिवस लांबले त्याचे पैसे यंत्राने कापावेत काय, हा प्रश्न यंत्राला पडत नाही. आपल्याला पडला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आमच्या शहराच्या इतिहासातली. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. आपल्या गणितात चूक झाली आहे आणि आपण बांधलेल्या इमारती कोसळणार, अशा ध्यासाने त्यांचे मन शेवटी ढळले, असे सांगतात. १८८१ साली ते वारले. पुढे रॉबर्ट चिझम यांनी काम पुरे केले आणि १८९० पासून राजवाडा ठाम उभा आहे. आकडे बरोबरच होते. ही हकीकत लहानपणी ऐकताना आम्हांस त्या साहेबाची कीव येई. आज तिच्याकडे पाहताना वाटते, की एका टोकाला आपली नोंद खरी असूनही झोप न लागणारा तो मनुष्य, आणि दुसऱ्या टोकाला खोट्या नोंदीवर बारा सह्या करून चहा पिणारे आम्ही. त्या दोघांमध्ये जो फरक आहे तो कोणत्या वहीत लिहिला जाणार? मँट यांच्यासारखे वेडे व्हावे असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या अस्वस्थतेचा त्यांच्यात अतिरेक झाला, तिचा एक कणही नसलेल्या माणसाच्या हाती कितीही पक्की वही दिली तरी इमारत सुरक्षित होत नाही.

तेव्हा या तंत्राविषयी आमचे मत असे. जेथे पक्ष अनेक आहेत, परस्परांस अनोळखी आहेत, आणि बलवान पक्ष दुर्बळाचे पैसे दाबून बसतो, तेथे अशी सामाईक वही हा न्यायाचा पक्ष आहे. केवळ नवी म्हणून तिला नाके मुरडणे हे आमच्या वयाला शोभले तरी बुद्धीला शोभणार नाही. ती उत्तम साक्षीदार होऊ शकते. पण साक्षीदार म्हणजे जामीन नव्हे. जामीन राहणे, म्हणजे 'मी पाहिले, आणि चुकले तर ते माझे' असे म्हणणे, हे माणसाचेच काम आहे आणि ते कोणाकडेही सोपवता येत नाही. विश्वास ठेवण्याची गरज संपावी, अशी इच्छा करण्यात मुळात थोडा आळस असतो. वर जाऊन पाहण्याचे कष्ट वाचावेत, हा तो आळस. आमच्याही सह्यांच्या मुळाशी तोच होता.

आमच्या संस्थेपुरते सांगायचे, तर एका लिफ्टसाठी आणि दोन पक्षांसाठी साखळीची गरज नाही, असे आमचा अभियंता मित्रच अखेरीस म्हणाला. त्याऐवजी आम्ही दुहेरी प्रतीचे पुस्तक आणले. एक प्रत कंपनीकडे, एक आमच्याकडे. बिल पंधरा दिवसांत द्यायचे ठरवले, वही भरलेली असो वा नसो. काम झाले नसेल तर तसे लिहून, पण अडवून नव्हे. दोष आढळला तर तो लिहिणाऱ्यास एका पैशाचाही दंड नाही. लपवला तर करार संपला. आणि दरमहा कार्यकारिणीतला एकजण त्या माणसाबरोबर गच्चीवर जाईल.

जुनी वही फाडून टाकावी असे एकदोघांनी सुचवले होते. आम्ही ती ठेवली आहे. त्या बारा ओळींच्या शेवटी आजची तारीख घालून आम्ही लिहिले, की वरील सर्व सह्या न पाहता केलेल्या आहेत. आणि खाली पुन्हा सही केली. ही आमची उलट नोंद.

गेल्या महिन्यात पाळी आमची होती. तपासणीच्या वेळी लिफ्ट बंद ठेवावी लागते, त्यामुळे तीन जिने आणि वर गच्चीची लोखंडी शिडी चढावी लागली. यंत्रखोलीत तो कंपनीचाच जुना माणूस होता. त्यालाही आम्ही बदलू दिले नाही. त्याने मुख्य कळ पाडली, आणि बॅटरीवर लिफ्ट हळूहळू सरकत जवळच्या मजल्यावर आली. खाली दार उघडल्याचा आवाज ऐकू आला. मग दोरावर विजेरीचा झोत टाकून कोणता धागा तुटला तर दोर बदलायचा हे त्याने दाखवले. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलेच नव्हते, असे तो म्हणाला. आम्ही धापा टाकीत खाली उतरलो तेव्हा ग्रंथालयाच्या दाराशी त्या बाई पुस्तक घेऊन उभ्या होत्या.

"पाहिलंत?" त्यांनी विचारले.

"पाहिलं," आम्ही म्हणालो. आणि मग वहीत लिहिले.